खरं नाटक केव्हा?

गेल्या जानेवारीत आमच्या मोहन नगरात तीन संध्याकाळी नव्या नाटकांची वाचने झाली. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी शेजारचे एक काका माझ्याजवळ आले. तिन्ही दिवस ते पहिल्या रांगेत बसले होते, एकही वाचन त्यांनी चुकवले नव्हते. म्हणाले, "छान झालं सगळं. पण खरं नाटक केव्हा आहे?"

मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र सोबत घरी आला. काकांच्या लेखी तीन दिवस जे झाले ती नाटकाची पूर्वतयारी होती. मुलगी पाहायला गेलो, लग्न अजून व्हायचे आहे, तशी. आणि आयोजकांच्या लेखी ते पुरेसे होते. मला वाटते, दोघांचेही थोडे चुकले, आणि चूक कुठे झाली हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. त्या संध्याकाळींपैकी एका नाटकाचा मराठी अनुवाद माझा होता, तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवते.

दुर्ग आणि भिलाई ही जोडशहरे. एक जुने जिल्ह्याचे गाव, दुसरे पोलाद कारखान्याभोवती वसलेले. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि देशभरातून माणसे इथे आली. त्यांत नागपूर-विदर्भाकडची मराठी कुटुंबेही होती. त्याआधीची मराठी तर इथे भोसल्यांच्या काळापासूनची. पण या भागातल्या मराठी माणसांचे लिहिणे बहुधा हिंदीत झाले. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. गजानन माधव मुक्तिबोध इथून जवळच राजनांदगावला कॉलेजात शिकवत होते. त्यांच्या घरची भाषा मराठी, कविता हिंदी. उलट दिशेने गेलेले ठळक नाव सत्यदेव दुबे यांचे. जन्म बिलासपूरचा, आणि मराठी नाटकाला त्यांनी जे दिले ते मुंबईत. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वरचा १९७१ चा मराठी चित्रपट त्यांनीच दिग्दर्शित केला. म्हणजे आमच्याकडे मराठी ही घरात बोलायची, आणि बाहेर पडताना चपलांसारखी बदलायची गोष्ट. तीन संध्याकाळींतली एक मराठीसाठी राखून ठेवलेली असणे याला म्हणूनच महत्त्व होते.

मांडणी साधी. अर्धवर्तुळात सात-आठ खुर्च्या, पुढे भजनी मंडळाकडून आणलेले वही ठेवायचे स्टँड, स्पायरल बाइंडिंग केलेल्या संहिता, पाण्याच्या बाटल्या. एका टोकाला रंगसूचना वाचणारा. वाचन संपले की चर्चा. रोज दोन नाटके. काही हिंदी, काही छत्तीसगढी, तिसऱ्या दिवशी मराठी. ऐकायला साठ-सत्तर माणसे, त्यांत शाळकरी मुले बरीच. वाचणारे बहुतेक हौशी: बँकेतले, शाळेतले, कारखान्यातून निवृत्त झालेले. कुणी पाठ केले नव्हते, कुणी नटले नव्हते.

पहिल्याच संध्याकाळी वाचनाची एक खोड लक्षात आली. एका हिंदी नाटकात आई आणि मुलगी आजीचे कपाट आवरत बसतात. नाटकाचा अर्धा जीव त्यांच्या न बोलण्यात आहे. संहितेत जागोजाग लिहिलेले: दोघी गप्प. आणि रंगसूचना वाचणारे गृहस्थ खणखणीत आवाजात वाचत होते, "दोनों चुप." गप्प बसण्याची जागाच आवाजाने भरून गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या गणपती-वर्गणीच्या सभेवरचे एक नाटक वाचले गेले. सगळी माणसे एकमेकांचे बोलणे तोडत बोलतात. वाचनात ते इतके रंगले, की लोकांनी तिथेच प्रयोगासाठी वर्गणी जमवायची भाषा सुरू केली. माझ्या मते दोहोंत पहिले नाटक अधिक चांगले आहे. दुसऱ्यातली माणसे बोलायची थांबली की त्यांच्यापाशी करण्यासारखे काही उरत नाही, आणि हे दोन तास रंगमंचावर उभे राहिल्यावर उघडे पडेल. वाचन बोलक्या नाटकाला झुकते माप देते. तेंडुलकरांच्या संहितांतले टिंबटिंब आठवा. ते वाचून दाखवायचे कसे? ज्या संयोजकाला ही खोड ठाऊक आहे तो रंगसूचना वाचणाऱ्याला तालमीत सर्वांत जास्त वेळ देईल, काय वाचायचे नाही तेही सांगेल. आमच्याकडे ते काम ज्याला दुसरी भूमिका मिळाली नाही त्याला दिले होते.

पण ही झाली तांत्रिक बाब. मुद्दा आहे कागदाचा, आणि या प्रदेशात तो अधिकच टोचतो.

मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ सालच्या सांगलीतल्या ‘सीतास्वयंवरा’पासून मोजतो. विष्णुदास भावे यांनी पदे रचली, सूत्रधार ती गाई, आणि नट आपापली भाषणे आयत्या वेळी करत. लिहिलेले संवाद पाठ करून बोलायची नाटके पुढे आली. विनायक जनार्दन कीर्तने यांचे १८६१ चे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे त्यातले पहिले मानतात. अशा नाटकांना तेव्हा नाव पडले ‘बुकीश’. आज सगळेच नाटक बुकीश असल्यामुळे तो शब्द मागे पडला. आपण विसरून गेलो, की कागद हा एका टप्प्यावर आत आलेला पाहुणा आहे.

छत्तीसगढात हा फरक अजून जिवंत आहे, आणि त्याला नावेही आहेत. पंडवानीच्या दोन शैली आहेत. वेदमती म्हणजे ग्रंथाला धरून, बसून गायची. कापालिक म्हणजे कपाळातून, आठवणीतून आणि प्रतिभेतून, उभे राहून, हातातल्या तंबोऱ्याची कधी गदा तर कधी धनुष्य करत गायची. तीजनबाई गनियारीच्या, इथून जवळच्या. स्त्रियांनी बसून गावे असा रिवाज असताना त्या उभ्या राहून कापालिक गायल्या, आणि भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीलाही होत्या. नव्या नाटकांच्या वाचनाचा उत्सव अशा गावात भरवायचा म्हणजे वेदमतीचा उत्सव कापालिकांच्या गावात. त्यात गैर काही नाही. पण आपण कुठे बसलो आहोत याचे भान हवे.

ते भान देणारी गोष्ट भिलाईतच घडून गेली आहे. १९७४ साली हबीब तन्वीर यांनी नाचाच्या कलावंतांना घेऊन भिलाईत शिबिर घेतले. विजयदान देथा यांची चोराची कथा त्यांच्या मनात होती. गंमत म्हणून चार प्रतिज्ञा करणारा चोर: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, मिरवणुकीत हत्तीवर बसणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. या गोष्टी चोराच्या वाट्याला येणार कुठून? आणि गुरूने घालून घेतलेली पाचवी: खोटे बोलणार नाही. चारही अशक्य गोष्टी एकेक करून त्याच्या दारात येतात आणि शब्द पाळण्यापायी तो मरतो. त्या वेळी भिलाईत सतनामी समाजाचा मोठा मेळा भरला होता. गुरू घासीदासांच्या या पंथात सत्य हेच दैवत. तन्वीरांनी आपले अर्धेकच्चे नाटक त्या मेळ्यात, उघड्या मैदानात, हजारो लोकांसमोर करून पाहिले. तेव्हा ते तासाभराचेही नव्हते, संवाद नटांनी जागच्या जागी रचलेले. पुढे त्यात सतनाम्यांची पंथी गाणी आणि नृत्य आले, आणि १९७५ साली ‘चरणदास चोर’ उभे राहिले. देथांच्या कथेचा शेवट निराळा आहे. तन्वीरांनी नाटक चोराच्या मरणापाशी आणून थांबवले. १९८२ साली एडिंबरोच्या फ्रिंज महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला.

नव्या नाटकाचे ‘वाचन’ म्हणून जे आपण करतो त्याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. हातात कागद नव्हता, पण वाचनाचे सगळे काम तिथे झाले. नाटक अपुरे आहे हे मान्य करून ते लोकांपुढे ठेवले. लोकही असे निवडले, की नाटकातल्या प्रश्नाशी ज्यांचे जन्माचे नाते. आणि त्यानंतर नाटक बदलले. या तीन गोष्टी झाल्या तर वाचन खरे. नाहीतर तो नुसता स्नेहमेळावा.

या नाटकाचा उत्तरार्धही इथे सांगण्यासारखा आहे. २००९ च्या जूनमध्ये तन्वीर गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच छत्तीसगढ सरकारने ‘चरणदास चोर’च्या पुस्तकावर बंदी आणली. शाळांतल्या पुस्तक-वाचनाच्या उपक्रमात ते होते, आणि सतनामी समाजातल्या काहींनी त्यातल्या मजकुरावर आक्षेप घेतला होता. ज्या समाजाच्या मेळ्यात नाटक वाढले त्याच समाजातून आक्षेप यावा, आणि तोही नाटक पुस्तक होऊन शाळेत वाचले जाणार असताना, हे नुसते दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही. मैदानात नट आणि प्रेक्षक समोरासमोर असतात. एखादा शब्द खटकला तर तो दुसऱ्या दिवशी वेगळा येतो. कागदावरचा शब्द हलत नाही. त्याला धरता येते, त्याच्याखाली रेघ मारता येते, त्याच्यावर हुकूम काढता येतो. महाराष्ट्रात तर नाटकाचा पहिला अधिकृत वाचक परिनिरीक्षण मंडळ असतो. ‘सखाराम बाइंडर’चे १९७२ साली काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. बंदीचे समर्थन मी मुळीच करत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की कागदाला लवकर गोठवण्यात धोका आहे, आणि तो नाटककाराच्या वाट्याला येतो.

आता माझ्या अनुवादाकडे येते.

मूळ छत्तीसगढी नाटक छोटे, चाळीस मिनिटांचे. कारखान्यातून निवृत्त झालेला बाप दुसऱ्याच दिवशी फाटकापाशी येतो. मुलगा त्याच कारखान्यात ठेकेदाराकडे रोजंदारीवर आहे आणि डबा घरी विसरला आहे. बापाचा पास कालच जमा झालेला. पहारेकरी नवा, तो आत सोडत नाही. सारे नाटक फाटकाबाहेर घडते. शेवटाकडे बाप म्हणतो, "अब गेट म मोर कोनो चिन्हारी नइ हे." चिन्हारी म्हणजे ओळख, आणि ओळख पटवणारी खूणही, कुणी आठवण म्हणून दिलेली वस्तूसुद्धा चिन्हारीच. बापाच्या वाक्यात पास, ओळख आणि आयुष्याची निशाणी असे तिन्ही एकदम आहे.

पहिल्या मसुद्यात मी लिहिले, "आता गेटवर माझी काही ओळख उरली नाही." अर्थ बरोबर, माणूस चुकीचा. हा बाप जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला वाटत होता. मग मी अनुवादकांचा नेहमीचा तोडगा काढला: बोलीला बोली. आमची बरीच मंडळी विदर्भातली, तेव्हा वऱ्हाडी. "आता गेटावर मले कोनी वयखत नाही." कागदावर मला ते फार आवडले. एम.ए.ला असताना तौलनिक साहित्याच्या वर्गात बोलीच्या अनुवादावर मी निबंध लिहिला होता. त्या निबंधातल्या मला हे वाक्य नक्की पटले असते.

वाचनाच्या आदल्या दिवशी तालीम झाली. बापाची भूमिका वाचणाऱ्या गृहस्थांनी वाक्य उच्चारले आणि समोर बसलेली पाच-सहा माणसे हसली. ती वाईट माणसे नव्हती. ‘मले-तुले’ ऐकले की हसायचे, हे मराठी नाटक-सिनेमाने आपल्या कानांना कितीतरी वर्षे शिकवले आहे. छत्तीसगढी बाप त्याच्या भाषेत विनोदी नाही. माझ्या भाषेत मी त्याला गावंढळ करून टाकले होते. ज्या माणसाला फाटकावर कुणी ओळखत नाही, त्याची ओळख मीही पुसली होती, आणि वर लोकांना हसवले होते. त्या रात्री मला नीट झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ आजारी पडले. ऐनवेळी एका काकूंना बापाची भूमिका वाचायला बसवले. वय सत्तरीच्या पुढे, सासर-माहेर दोन्ही याच बाजूचे. बाई बापाची भूमिका कशी वाचणार, यावर थोडी कुजबुज झाली. काकूंनी चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. वऱ्हाडी त्यांना येत नव्हती, म्हणून जिथे अडतील तिथे वाक्य आपल्या घरच्या मराठीत फिरवून घेऊ लागल्या. मी मागे बसून माझ्या शब्दांची पडझड ऐकत होते. आणि ते वाक्य आले. काकू थांबल्या, कागदावर बोट ठेवले, आणि म्हणाल्या, "आता गेटवर मला कोणी ओळखून नाही राहिलं."

कुणी हसले नाही. पहिल्या रांगेतल्या काकांनी मान खाली घातली. तेही कारखान्यातून निवृत्त झालेले.

‘ओळखून राहिलं’, ‘येऊन राहिलो’, ‘काय करून राहिला’ ही नागपूरपासून दुर्गपर्यंतची मराठी. पुण्याच्या पाहुण्यांपुढे आम्ही ती सावरून घेतो. हिंदीची सावली पडलेली अशुद्ध भाषा असे आम्हाला शाळेतच सांगितलेले असते. पण त्या वाक्यात ‘राहिलं’ने असे काही केले जे माझ्या दोन्ही मसुद्यांना जमले नव्हते. ओळखणे चालू होते, आणि आता ते राहिले नाही. नकार ‘नाही’मध्ये आहे, पण दुखणे ‘राहिलं’मध्ये आहे. मूळच्या चिन्हारीतली वस्तू इथे हरवते हे खरे. तिच्या बदल्यात काळ मिळतो. अनुवादात असा सौदा पुष्कळदा करावा लागतो, आणि हा मला पटला.

तन्वीरांच्याही बाबतीत असे काही घडले होते. नाचाच्या कलावंतांकडून आरंभी ते हिंदी बोलून घेत, बांधून दिलेल्या हालचाली करून घेत. आणि गावात रात्र जागवणारे नट रंगमंचावर अवघडून जात. पुढे त्यांनी नटांना त्यांच्या छत्तीसगढीत मोकळे सोडले, तेव्हा कुठे नया थिएटरला आपली वाट सापडली. ही हकिगत मी कितीदा वाचली असेल, इतरांना सांगितलीही असेल. तरी स्वतःच्या टेबलावर बसून मी तीच चूक केली. काकूंचे ऐकल्याशिवाय ती मला कळली नसती. वाचनाचा उपयोग काय, या प्रश्नाला माझ्यापाशी एवढेच उत्तर आहे, आणि ते मला पुरते.

म्हणूनच महोत्सवाबद्दलची माझी मुख्य तक्रार आता सांगते. सगळ्या नाटकांची एक पुस्तिका काढली होती, आणि ती वाचनांच्या आधीच छापून तयार होती. पहिल्या संध्याकाळी दारातच हातात पडली. हेतू चांगला, लेखकाला छापलेले नाव पाहायला मिळावे. पण त्याने तीन दिवसांचा अर्थच बदलला. वाचनानंतरच्या चर्चेत लेखक आपल्या छापलेल्या पानाचा बचाव करत होते. कपाटाच्या नाटकाच्या लेखिकेला एका विद्यार्थिनीने विचारले, की आजी मुळात यायलाच हवी का. प्रश्न अचूक होता. लेखिका म्हणाली, "अब तो छप गया." सभागृह हसले आणि प्रश्न तिथेच संपला.

याच्या उलट उदाहरण आपल्याकडे आहे. मुंबईच्या ‘रेज’ या संस्थेने लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरच्या साथीने ‘रायटर्स ब्लॉक’ हा उपक्रम चालवला. २००४ मध्ये त्याचा पहिला महोत्सव झाला. निरनिराळ्या भाषांतल्या नव्या नाटककारांनी मसुद्यामागून मसुदे लिहिले आणि मग नाटके रंगमंचावर गेली. तितका पैसा आणि तितके जाणकार आमच्याकडे नाहीत. पण पुस्तिका जानेवारीऐवजी मार्चमध्ये छापायला पैसा लागत नाही. रोज दोनऐवजी एकच नाटक, आणि तेच पुन्हा आठवड्याने, बदल करून; यालाही लागत नाही. फाटकाचे नाटक कारखान्यातून सुटणाऱ्या पाळीच्या माणसांपुढे वाचायला फक्त एक सतरंजी लागेल. सतनाम्यांच्या मेळ्यात जाऊन सत्याचे नाटक करून पाहण्याइतकी हिंमत मात्र लागेल.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना नंतर भाजीच्या ठेल्यापाशी दिले. म्हटले, "काका, तुम्ही मान खाली घातली ना, तेव्हा झालं नाटक." ते म्हणाले, "हो, पण दिवे-बिवे लावून कधी करून राहिले?" त्यांचेही बरोबर आहे. वाचन हे प्रयोगाची जागा घेऊ शकत नाही. नाटक प्रयोगाला लायक आहे की नाही हे शोधण्याची ती एक स्वस्त आणि प्रामाणिक रीत आहे, आणि शोधायचे असेल तर आधी सापडले नाही असे मानावे लागते.

पुस्तिकेच्या तीस प्रती माझ्या वाट्याला आल्या. त्यांत अजून ‘मले कोनी वयखत नाही’ छापलेले आहे. कुणाला प्रत द्यायची वेळ आली की त्या पानावर पेनाने रेघ मारून वर काकूंचे वाक्य लिहिते. आतापर्यंत नऊ दिल्या.